व्हिसावरचं तोंड

आमच्या वहिनीचं तोंड गावातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल, पण तिचा आवाज माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे एक कोंदट खोली आहे. तिथे माइकसमोर बसून तिने अख्खी नोकरी काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल हरवलंय आणि कुणाचं पाकीट सापडलंय, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की आजूबाजूचे लोक उगाचच आपली पिशवी उचलायचे. गाडी सुटते की काय असं त्यांना वाटायचं.

मी तिची नणंद. नणंद या जातीबद्दल जगाचं काय मत आहे ते मला ठाऊक आहे आणि ते बरंचसं खरं आहे. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, दादाच्याच घरात वरच्या खोलीत राहते आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय याकडे माझं बारीक लक्ष असतं. वहिनी मला 'वन्सं' म्हणते, तेही अशा सुरात की जणू मी उशिरा धावणारी गाडी आहे.

या बाईला आयुष्यात एकच वेड होतं, ज्वालामुखीचं. बाकीचे लोक परदेशात राजवाडे बघायला जातात, बर्फात लोळायला जातात. हिला जमिनीचं पोट उकळताना बघायचं होतं. लग्न झाल्यापासून ती दादाला सांगत होती आणि दादा म्हणत होता, "पुढच्या वर्षी जाऊ." आमच्या घरात 'पुढच्या वर्षी' हा नाही म्हणण्याचा सभ्य प्रकार आहे. दादाने कधी कशाला सरळ नाही म्हटलेलं नाही आणि कधी काही केलेलंही नाही.

निवृत्ती जवळ आली तशी वहिनी एका संध्याकाळी टूरवाल्याच्या ऑफिसात गेली आणि घरी येऊन म्हणाली, "तिघांची नावं घालून आले. कुणाला यायचं नसेल तर आत्ताच सांगा, माझ्या ऑफिसातल्या बायका तयार बसल्यात."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हातात होतं ते भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले. अशा वेळी आपण मधे नसलेलं बरं.

टूरवाला बडबड्या होता, पण कामाचा होता. त्याने सगळ्या प्रवाशांना बोलावून नियम सांगितले. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालू हवा. व्हिसाला फोटो नवा हवा, जुना खपवायचा नाही. औषधं ज्या पाकिटात येतात त्याच पाकिटात न्यायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दादाने अभिमानाने आपली डबी काढून दाखवली. रक्तदाबाच्या, पित्ताच्या, झोपेच्या गोळ्या पाकिटांतून सोडवून त्याने त्यात एकत्र भरल्या होत्या. टूरवाल्याने हात जोडले. "काका, ही डबी बघून ते तुम्हाला आत घेतील, पण वेगळ्याच ठिकाणी." शिवाय त्या देशात जायचं तर पिवळ्या तापाची लस हवीच होती आणि लस टोचून दहा दिवस झाल्याशिवाय तिचं कार्ड धरत नाहीत. वहिनीने हे सगळं एकदा ऐकलं आणि घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. सवयच ती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी वहिनी चहा प्यायला बसली आणि चहा तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. तिने पुसला. पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच. मी पेपर वाचत होते. "वन्सं," ती म्हणाली, आणि तो शब्द असा काही निघाला की मी मान वर केली. तिची डावी बाजू खाली उतरली होती. हसायला गेली तर तोंड सगळं उजवीकडे ओढलं गेलं. डावा डोळा टक्क उघडा, मिटता मिटेना.

दादा तर पार घाबरला. त्याला कारण होतं. आमची आई अशीच एका सकाळी तोंड वाकडं होऊन अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. तेव्हा दादाने तिचं सगळं केलं होतं, मी लहान होते. तो दारात उभा राहून नुसता म्हणत राहिला, "गाडी बोलवा, गाडी बोलवा," आणि फोन त्याच्याच हातात होता.

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, नाना तऱ्हेने तपासलं. मग म्हणाले, "हा मेंदूचा लकवा नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं बरं होतं, पण गोळ्या आजच सुरू करायच्या. डोळ्याला थेंब, रात्री पट्टी. आणि चेहऱ्याचे व्यायाम."

वहिनीने वाकड्या तोंडाने पहिला प्रश्न विचारला, "परदेशी जाता येईल ना?"

"आधी तोंड, मग परदेश," डॉक्टर म्हणाले.

एवढं वाक्य दादाला पुरलं. दुपारी त्याने टूरवाल्याला परस्पर फोन करून नावं काढायला सांगितली. टूरवाल्याने बुकिंग ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं म्हणून संध्याकाळी वहिनीला फोन केला. बिंग फुटलं. वहिनीने फोन खाली ठेवला आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. प, फ, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत आणि तिचे ओठ मिटत नव्हते, त्यामुळे तिला प्रत्येक शब्दाशी झगडावं लागत होतं. तरी तिने एकेक शब्द लावला.

"नावं मी घातलीत. काढायची झाली तर मीच काढीन."

"अगं, पण अशा अवस्थेत..." दादा पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाला. "पुढच्या वर्षी जाऊ की."

"पुढच्या वर्षी नाही," वहिनी म्हणाली. "पुढचं वर्ष मी सदतीस वेळा ऐकलंय."

मी गणिताची बाई, मनात आकडा तपासला. बरोबर होता.

खरी पंचाईत पुढेच होती. लसीच्या केंद्रात एक करड्या आवाजाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वहिनीच्या गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही लस मिळणार नाही. लस जिवंत विषाणूंची असते. गोळ्या संपल्या की महिनाभर थांबायचं, मग या."

दादाच्या चेहऱ्यावर सुंठेवाचून खोकला गेल्याचं समाधान पसरलं. त्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मग गोळ्या बंद करते."

"काय?"

"तोंड राहू दे असंच. तोंडाने काय बघायचंय? डोळे आहेत ना. लस द्या, जाऊन येते, मग करू गोळ्या."

ती चेष्टा करत नव्हती. मला त्या क्षणी तिची भीती वाटली. इतकी वर्षं मी समजत होते की ज्वालामुखी हे तिचं असंच एक खूळ आहे, कुणाला मांजरं आवडतात तसं. ते खूळ नव्हतं. इतरांच्या गाड्या सोडून सोडून या बाईचा जीव विटला होता आणि एकदा तरी स्वतः जायचं हे तिने ठरवलं होतं. चेहरा गेला तर गेला.

डॉक्टरीणबाई मात्र माझ्याहून खमक्या निघाल्या. "गोळ्या आता घेतल्या तर उपयोग. नंतर घेऊन नस ऐकत नाही. आणि ऐका, तुम्ही गोळ्या बंद केल्याचं मला कळलं, तर महिन्यानंतरही मी टोचणार नाही. कळलं?" मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. गोळ्यांचे दिवस, मग महिना, मग लस, मग कार्ड लागू व्हायचे दहा दिवस, मग विमान. केंद्रात ही लस आठवड्यातून एकाच दिवशी टोचत होते. सगळं मोजून हाती एकच तारीख उरत होती.

"हा दिवस," त्यांनी बोट ठेवलं. "त्या दिवशी अंगात ताप असला तर नाही. तोही चुकला तर पुढचा मुहूर्त तुमचं विमान उडाल्यावर."

वहिनीने कॅलेंडरकडे पाहिलं आणि मान हलवली. उठताना म्हणाली, "ताप येणार नाही."

जणू ताप तिला विचारून येतो.

पण त्या दिवसापासून तिने घराची छावणी करून टाकली. गोळ्या घड्याळ लावून. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने दारातच हात धुवायचे. मला शाळेतून सर्दी लागली तेव्हा तिने मला जिना उतरूच दिला नाही. ताट वरच्या पायरीवर ठेवायची आणि मी दार उघडायच्या आत खाली पळायची. मी वरून ओरडले, "मी काय महारोगी आहे का?" खालून उत्तर आलं, "शिंकून झालं की बोला."

मग व्हिसाचा फोटो. चेहरा तोवर जसा होता तसाच होता. दादाचं म्हणणं, जुना फोटो देऊ, कोण बघतंय. वहिनी म्हणाली, नियम आहे. आम्ही चौकातल्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने फोटो काढला, पडद्यावर पाहिला, चुकचुकला आणि म्हणाला, "काकू, दोन मिनिटं द्या. उजवी बाजू उचलून डावीकडे बसवतो. एकदम सरळ करून देतो, आईशप्पथ कळणार नाही."

"छान होईल," दादा लगेच म्हणाला.

"नको," वहिनी म्हणाली.

"अहो काकू, सगळेच करून घेतात. लग्नाच्या फोटोंत तर मी लोकांची नाकं बदलतो."

"हे लग्न नाही. तिथे दारात उभा असलेला माणूस मला बघणार, की तुझ्या कॉम्प्युटरला? मी आहे ही अशी आहे. अशीच काढ."

फोटोवाल्याने तसाच दिला. खरं सांगते, फोटो भयंकर होता. एक डोळा वटारलेला, एक मिचकावल्यासारखा, तोंड कुणीतरी दोरी बांधून उजव्या कानाकडे ओढलेलं. वहिनीने तो हातात धरून नीट पाहिला. नंतर बाहेर आल्यावर रस्त्यात थांबली आणि रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. एकाच डोळ्यातून पाणी आवरत नव्हतं. दादा पुढे चालत गेला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "तोंडाचं मला काही वाटत नाही. पण हे माझ्याकडे बघत नाहीत. घरात बोलतात ते ग्लासाशी बोलतात, भिंतीशी बोलतात. इतकं वाईट दिसतंय का हो?"

मी शाळेत मुलांना देते तसं सरळ उत्तर दिलं. "दिसतंय खरं," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा दुर्गुण आहे. ती हसली, तेही वाकडं, आणि डोळा पुसून चालायला लागली.

मला मात्र दादाचा असा काही संताप आला की घरी पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. रात्रीच्या जेवणाला त्याला गाठून म्हटलं, "बायकोच्या तोंडाकडे बघायला तुला लाज वाटते का रे?" तो हातातला घास ताटात ठेवून उठून गेला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पालथ्या घड्यावर पाणी.

व्यायाम सुरू होते. गाल फुगवायचे, भुवया उचलायच्या, शीळ घालायची, फुगा फुगवायचा. बसस्थानकावर साहेबांनी तिला माइकवरून उठवून आत वेळापत्रकं जुळवायला बसवलं होतं, कारण तिच्या बोलण्यावरून दोन म्हातारे चुकीच्या गाडीत चढले होते. तिने साहेबांना सांगितलं, "निवृत्त होईन ती माइकवरून. तोवर खुर्ची कुणाला देऊ नका." आणि घरी स्वयंपाकघरात उभी राहून ती रोज सगळ्या गाड्या सोडायची. फलाट, बस, प्रवासी, मुक्काम. नेमकी ओठ मिटायला लावणारी अक्षरं तिच्या कामातच भरलेली. सुरुवातीला नुसती हवा निघायची. मग एका दिवशी मी वरच्या खोलीत पेपर तपासत असताना खालून आलं, "फलाट क्रमांक चारवरील बस सुटत आहे," इतकं स्वच्छ, की मी लाल पेन खाली ठेवलं. धावत खाली गेले. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. डोळा मिटत होता. पूर्ण नाही, पण मिटत होता.

नेमलेल्या दिवशी आम्ही लसीच्या केंद्रात सगळ्यांच्या आधी हजर. थर्मामीटर लावला. ताप नव्हता. डॉक्टरीणबाईंनी टोचलं, पिवळ्या कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "जा, बघून या तुमचा डोंगर." निवृत्तीच्या दिवशी शेवटची गाडी वहिनीने माइकवरूनच सोडली. विमानात बसलो तेव्हा तिचा चेहरा, नीट निरखून बघितल्याशिवाय कळू नये इतका सरळ झाला होता. आम्हाला वाटलं, सगळं पार पडलं.

त्या देशात उतरल्यावर पहिल्या टेबलाशी आरोग्य खात्याची बाई बसली होती. वहिनीने कार्ड पुढे केलं. बाईने तारीख मोजली, मान डोलावली. पुढे पासपोर्टच्या रांगा. टूरवाला बाकीच्यांना घेऊन पलीकडे गेला होता. मी पहिली गेले, शिक्का मिळाला, काचेपलीकडे उभी राहिले. मागून वहिनी. तिच्या मागे, पिवळ्या पट्ट्यापाशी थांबलेला दादा.

काचेतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला. तिथे जुना, सरळ चेहरा. पान उलटलं. तिथे व्हिसा, त्यावर तो भयंकर फोटो. मग त्याने वर पाहिलं. समोर तिसरीच बाई. त्याने फोटोवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. वहिनीने छातीवर हात ठेवला, मीच. त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं. वहिनीने गालाला हात लावला, आजारी होते असं दाखवायला गेली. त्याला वाटलं दात दुखतोय. डॉक्टरांची चिठ्ठी सामानात गेलेली. त्याने शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावलं. दोघं मिळून फोटो बघायला लागले. एकाने फोन उचलला आणि वहिनीला हाताने बाजूला व्हायची खूण केली.

वहिनी बाजूला झाली नाही. काचेला हात टेकून उभी राहिली. मला परत मागे जाता येईना. इतकं सगळं करून ही बाई आता दारातूनच परत जाणार असं मला वाटलं.

तेवढ्यात दादा पिवळा पट्टा ओलांडून आला. जो माणूस रस्तासुद्धा सिग्नलशिवाय ओलांडत नाही, तो. शिपाई ओरडला, त्याने ऐकलं नाही. काचेसमोर येऊन त्याने आधी वहिनीकडे बोट दाखवलं, मग फोटोकडे. आणि मग चष्मा काढून त्याने आपलं तोंड वाकडं केलं.

कसंतरी नाही केलं. डावी भुवई मेलेली, डावा गाल सोडलेला, तोंड उजव्या कानाकडे ओढलेलं, खालचा ओठ एका बाजूला किंचित उलटलेला, आणि डावा डोळा टक्क उघडा ठेवून फक्त उजवा मिटलेला. मी त्या चेहऱ्याबरोबर रोज जेवले होते, मला तो पाठ होता. त्यात एका रेषेची चूक नव्हती. माझा भाऊ इतके दिवस बायकोकडे बघत होता. आमचं लक्ष नसेल तेव्हा, तिचं लक्ष नसेल तेव्हा, रोज, नीट. मग त्याने एका हाताने स्वतःचा गाल हळूच वर उचलून जागेवर बसवला, पुन्हा सरळ झाला आणि वहिनीकडे बोट दाखवलं.

अधिकाऱ्याने फोटोकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. फोन खाली ठेवला. पोट धरून हसला. शेजारचाही हसला. आणि हसता हसता त्याने शिक्का उचलून पानावर आपटला.

दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो चष्मा पुसत उभा राहिला. वहिनीने पासपोर्ट उचलला, त्याच्याकडे वळली आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोही बघत होता.

"डावा डोळा एवढा मोठा नव्हता हो," ती म्हणाली.

"होता," दादा म्हणाला.